संदुकीतला कशकोल

शाबान महिना सरत आला की मुस्लिम घरांत झाडलोट सुरू होते. रमजानचा चंद्र दिसायच्या आत भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात, जानमाजी धुऊन दोरीवर पडतात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कसब्यातल्या एका जुन्या घरात ही झाडलोट त्या वर्षी जड मनाने चालली होती. घरातले अब्बा हिवाळ्यात गेले होते. अम्मी त्यांच्या आधीच गेलेल्या. मागे दोन भाऊ आणि मधली एक बहीण. शेत, घर आणि बँकेतली ठेव यांची यादी कागदावर मांडून झाली होती. राहिली होती ती अब्बांच्या खाटेखालची लोखंडी संदूक.

संदुकीत बरेच काही निघाले. कसर लागलेली शेरवानी, निजामाच्या राजवटीतल्या शेतसाऱ्याच्या उर्दू पावत्या, अत्तराची रिकामी कुपी, चार-पाच हाली शिक्के. या सगळ्याची ओळख घरात होती. शिक्क्यांचे मोल तर सराफसुद्धा चांदीच्या वजनावर सांगू शकला असता. पण तळाशी, मखमलीच्या विरलेल्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली आणि सगळेच बघत राहिले.

होडीसारखी लांबट, काळीभोर आणि हाताला गुळगुळीत. लांबी वीतभरापेक्षा थोडी जास्त. दोन्ही टोकांना एकेक छिद्र, त्यांत पितळी कड्या, कड्यांना साखळी. एका बाजूला जुनी चीर, ती तांब्याच्या तारेने शिवलेली. काठाखाली काहीतरी कोरलेले, पण मळाने बुजलेले. धाकट्या भावाला वाटले, मशालीत तेल घालायचे भांडे असेल. सुनेला वाटले, धान्य मोजायचे माप. मोठे भाईजान म्हणाले, "घोड्याला दाणा द्यायचं असेल. दादाजी महसूल खात्यात पेशकार होते, दारात घोडं होतं."

दारावरून भंगारवाला चालला होता. त्याने साखळी तळहातावर तोलली आणि म्हणाला, "पितळेचे दीडशे देतो. लाकूड तुम्हीच ठेवा."

तेवढ्यावर कुणाचे मन होईना. भाईजान बहिणीकडे वळले. "तुला जुन्या वस्तूंची हौस आहे. तूच घेऊन जा." धाकटाही म्हणाला, "हो आपा, तुम्हीच न्या." आपांनी ती वस्तू फडक्यानं पुसून फडताळात ठेवली आणि म्हणाल्या, "ईदला येईन तेव्हा नेते."

बोलणे एवढेच झाले. पण पुढचा सगळा महिना या चार वाक्यांभोवती फिरत राहिला.

गुरुजींनी ओळख पटवली

पहिल्या रोज्याच्या इफ्तारला शेजारचे गुरुजी आले. हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दर वर्षी पहिल्या रोज्याला कलिंगड घेऊन येण्याचा त्यांचा रिवाज. खजूर तोंडात टाकता टाकता त्यांची नजर उघड्या फडताळाकडे गेली. उठून त्यांनी ती वस्तू हातात घेतली, उलटी केली, आतल्या बाजूच्या रेषांवरून बोट फिरवले.

"भाई, हे लाकूड नाही. हा दर्याई नारळ. आमच्या गावाकडच्या मठात गोसाव्यांचं कमंडलू होतं, ते याचंच."

दर्याई नारळ म्हणजे समुद्राचा नारळ. नाव समुद्राचे असले तरी झाड जमिनीवरचेच आहे, आणि पृथ्वीच्या पाठीवर ते आपोआप उगवते ते हिंदी महासागरातल्या सेशेल्स द्वीपसमूहात, प्रालीन आणि क्युरियूज या दोन बेटांवर. ताडासारखे उंच झाड, पंख्यासारखी पाने, नर आणि मादी झाडे वेगवेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. त्याचे बी सगळ्या वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठे, वजन वीस किलोच्या आसपासही भरते. दोन नारळ एकमेकांना चिकटवावेत असा त्याचा आकार. कवटी दगडासारखी टणक. ती कापून, आतला गर काढून, घासून-पुसून असे भांडे तयार होते.

या फळाची जुनी कहाणी मोठी गमतीची आहे. ताजे फळ पाण्यात बुडते. आतला गर कुजून कवटी पोकळ झाली की ते तरंगते, आणि प्रवाहाबरोबर शेकडो कोस दूर जाते. सेशेल्सवर तेव्हा वस्ती नव्हती. त्यामुळे मालदीवच्या किनाऱ्याला, कधी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागणारे हे काळे जोडनारळ येतात कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हते. समुद्राच्या तळाशी याची झाडे आहेत, अशी समजूत पसरली आणि नाव पडले ते त्यावरूनच. मालदीवमध्ये असे फळ सापडले तर ते राजाकडे जमा करावे लागे. विष उतरवणारे औषध म्हणूनही त्याची ख्याती होती. युनानी हकीम त्याला नारजीले दर्याई म्हणतात, आपल्याकडे जहरी नारळ असेही नाव आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जाणारा पोर्तुगीज गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात मालदीवच्या या नारळाची चर्चा केली आहे. युरोपात तर राजेलोक त्याला सोन्याचांदीने मढवीत. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्यासाठी १६०२ साली प्रागमध्ये घडवलेली अशी एक सुरई आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

मग १७६८ साली एका फ्रेंच मोहिमेला प्रालीन बेटावर ही झाडे उभी असलेली दिसली. गूढ संपले. पुढच्याच वर्षी एका फ्रेंच जहाजाने ही फळे भरभरून हिंदुस्थानच्या बाजारात आणली आणि भाव कोसळला. कालपर्यंत राजाच्या खजिन्यात असलेली वस्तू बाजारात आली. तिथून पुढे फकिराच्या आणि गोसाव्याच्या हाती ती सहज येऊ लागली. फळ तेच होते. बदलले होते ते माणसांना असलेले त्याचे ज्ञान.

शरमेचा प्रश्न

गुरुजींनी फळ ओळखले. भांड्याचे नाव मात्र दुसऱ्या दिवशी मशिदीच्या इमामसाहेबांनी सांगितले. "हा कशकोल. फकिराचा कटोरा."

कशकोल हा फारसी शब्द. दारोदार फिरणारे दरवेश हा कटोरा साखळीने खांद्याला किंवा मनगटाला अडकवीत. कुणी त्यात पीठ घाली, कुणी रोटीचा तुकडा, कुणी नाणे. वाटेत त्यातच पाणी पीत, त्यातच जेवत. अनेक घरांतली तऱ्हेतऱ्हेची शिधा एका भांड्यात पडते, म्हणून नाना विषयांच्या टिपणांच्या वहीलाही कशकोल म्हणू लागले. इराणातले थोर विद्वान शेख बहाउद्दीन आमिली यांच्या प्रसिद्ध संकलनाचे नावच 'कशकोल' आहे. उर्दूत हा शब्द दोन्ही अर्थांनी आजही चालतो.

तो दर्याई नारळाचाच असला पाहिजे असे नाही. लाकडाचे, पितळेचे, पोलादाचे, चिनी मातीचेही कशकोल आढळतात. आकार मात्र बहुधा होडीचा. इराणात १९व्या शतकात दर्याई नारळाच्या कशकोलांवर बारीक नक्षी, आयती, दरवेशांची चित्रे कोरत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असे नमुने आहेत. आपल्याकडचे कशकोल बहुतेक साधे. जोगी आणि गोसावी हेच फळ खापर किंवा कमंडलू म्हणून वापरीत. एकाच झाडाचे फळ, एकाच बंदरात उतरलेले. अर्धे तकियात गेले, अर्धे मठात. दोन्हीकडे काम एकच, घरोघरी हात पसरायचे.

गुरुजींना हे ऐकून आनंद झाला. भाईजान मात्र गप्प झाले. पेशकाराच्या घरात भिकेचा कटोरा? गावात कळले तर लोक काय म्हणतील? त्यांनी घरात सांगून टाकले, "याची बाहेर वाच्यता नको. आपा लवकर घेऊन जाईल तर बरं."

ही शरम समजण्यासारखी आहे. वाडवडिलांच्या वस्तूंत माणूस आपले मोठेपण शोधतो. तलवार निघाली तर दिवाणखान्यात टांगतो, कटोरा निघाला तर माळ्यावर टाकतो. पण कशकोलाचा अर्थ नुसत्या भिकेपुरता नाही. सूफी परंपरेत मुरीदाला खिरका, टोपी, काठी आणि कशकोल मिळत, ती गुरूने टाकलेल्या विश्वासाची खूण असे. हात पसरायला लावून गर्व उतरवायचा, ही त्यामागची शिकवण. पहिली भिक्षा आईकडे मागणाऱ्या मुंजीच्या बटूला किंवा पाच घरची माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मराठवाड्याला तर अशा फकिरांची जुनी ओळख आहे. खुलताबादचे दर्गे आहेत. आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीजवळ बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया आहे, तिथे मध्य आशियातून निघालेले दरवेश उतरत. त्यांच्या झोळ्या आणि कटोरे इथल्या घरांत राहून गेले असतील तर नवल नाही.

१२९७ चा घोटाळा

दुसऱ्या आठवड्यात भाईजानांचा कॉलेजात शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आला. त्याने मऊ कोरड्या ब्रशने काठाखालचा मळ हलकेच झाडला. अक्षरे उजळली. 'या रज्जाक', म्हणजे हे अन्न देणाऱ्या. त्याच्या शेवटी उर्दू अंकांत १२९७.

मुलगा ओरडलाच. "अब्बा, १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. हा त्याच्या पुढच्याच वर्षीचा! सातशे वर्षांपूर्वीचा!" मोबाईलवर फोटो टाकून शोध घेतला, तर लंडनच्या लिलावांतले कशकोल दिसू लागले. पौंडांचे आकडे रुपयांत करताना त्याचे डोळे मोठे होत गेले. हे फोटो त्याने जिल्ह्याच्या गावच्या एका ओळखीच्या माणसाला पाठवले. त्याने रात्रीच फोन केला. "कुणाला दाखवू नका. घेणारा आहे. माल बाहेर पाठवायची सोय मी करतो."

त्या रात्री तरावीहहून आल्यावर दोन्ही भावांचे बोलणे झाले. सकाळी भाईजानांनी आपांना फोन लावला. बोलता बोलता सहज म्हणावे तसे म्हणाले, "त्या कटोऱ्याचं आता घाईनं काही ठरवायला नको. तो अब्बांच्या मालमत्तेतच धरावा लागेल."

आपा क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाईजान, तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक करा. दीडशे रुपयांचा होता तेव्हा माझा होता आणि आता सगळ्यांचा झाला, हे तुम्हीच एकदा फूफीजानना सांगा."

भाईजान फोन ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले.

आधी १२९७ चा उलगडा झाला. तो केला इमामसाहेबांनीच, आणि हसत. जुन्या मुसलमानी वस्तूवरचे साल इसवी सनाचे नसते, हिजरीचे असते. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो तो यामुळेच. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी साल जवळपास हाती येते. १२९७ चे उत्तर १८८०. खिलजीचा काळ एका क्षणात सहाशे वर्षे अलीकडे आला.

पण कोरलेले साल तरी खरे कशावरून? जुन्या वस्तूवर नवे साल कोरून भाव वाढवण्याची लबाडी बाजारात चालते. इथे गुरुजींचे भिंग कामी आले. अक्षरांच्या खाचांतला रंग बाहेरच्या रंगाइतकाच गडद होता. नव्या खाचा फिकट दिसतात, कडा धारदार लागतात. साखळीची छिद्रे गोल राहिली नव्हती, वरच्या बाजूला लांबट झिजली होती. भरलेला कटोरा वर्षानुवर्षे टांगलेला असल्याशिवाय अशी झीज होत नाही. साचा जोडल्याची रेघ किंवा बारीक बुडबुडे कुठे दिसत नव्हते, म्हणजे राळेचा ओतीव माल नव्हता. साखळी मात्र नंतरची. तिच्या कड्या एकसारख्या, यंत्रावरच्या. भंगारवाल्याला किमतीची वाटली होती ती साखळी, आणि सगळ्यांत नवी निघाली तीच.

फूफीजानची साक्ष

अब्बांची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेल्या फूफीजान, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सगळा उलगडा झाल्यावर एका इफ्तारनंतर भाईजान स्वतःच कशकोल घेऊन त्यांच्याकडे गेले. सोबत धाकटा भाऊ होता, आणि माहेरी आलेल्या आपाही.

फूफीजानच्या डोळ्यांना आता कमी दिसते. त्यांनी कशकोल मांडीवर घेतला, अंगठा काठावर ठेवला आणि शिवलेली चीर शोधून काढली. "ही माझ्या हातून पडून गेली. सात-आठ वर्षांची होते. अब्बाजान रागावले नाहीत. तांबटाकडून शिवून आणला."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. हा कटोरा दादाजींना त्यांच्या पीरांनी दिला होता. कुणाकडे मागायला म्हणून त्यांनी तो कधी वापरला नाही. रमजानचा चंद्र दिसला की तो दाराच्या आतल्या खुंटीला टांगला जाई. येता-जाता ज्याला जमेल त्याने त्यात काहीतरी टाकायचे, पण दुसऱ्याने पाहू नये अशा बेताने. बायका कापसातून वाचवलेला आणा टाकीत, मुले खाऊचा पैसा. ईदच्या नमाजाला निघण्याआधी दादाजी तो न मोजता रिकामा करीत. सहरीला गल्लीतून हाक देत फिरणाऱ्या फकिराच्या झोळीत काही, एका विधवेच्या घरी काही. "न मोजता," फूफीजान पुन्हा म्हणाल्या. "तुमचे दादाजी महसूल खात्यात सगळा दिवस पैसाच मोजत. म्हणून घरात एक भांडं न मोजायचं ठेवलं होतं."

जुन्या वस्तूच्या व्यवहारात अशा साक्षीला मोठे महत्त्व असते. वस्तू कुठून आली, कुणाच्या हातून गेली, तिला काय झाले, हे कळले तर तिचे मोलही वाढते आणि खरेपणाही पटतो. ही साक्ष कागदावर नसते, ती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ असते. मुलाने शहाणपणा केला. फूफीजानचे बोलणे मोबाईलवर टिपून घेतले, तारीख घातली.

भाव आणि कायदा

राहिला प्रश्न किमतीचा. तो टाळून चालणार नव्हते.

लंडनच्या लिलावांत दिसणारे मोठे आकडे खरे असतात, पण ते कशाचे असतात ते पाहावे लागते. सुरेख कोरीव काम, कारागिराचे नाव, स्पष्ट साल आणि कुणाच्या संग्रहातून आला त्याची नोंद असलेला इराणी कशकोल काही हजार पौंडांना जातो. साधा, दुरुस्त केलेला, साखळी बदललेला कशकोल काही शे पौंडांतच अडकतो. दुसरे असे, की लंडनचा भाव मराठवाड्यातल्या वस्तूला लागूच होत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा आहे, अमलात आला १९७६ पासून. धर्म, कला, चालीरीती यांची साक्ष देणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू या कायद्याने पुरावशेष ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि दंड. देशात विकण्याला बंदी नाही, पण अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणीही लागते. आपली वस्तू त्यांत मोडते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्यावे. शिवाय दर्याई नारळाचे झाड आज धोक्यात आहे आणि त्याच्या फळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. 'बाहेर पाठवायची सोय' करणाऱ्या माणसाचा अर्थ आता घरात सगळ्यांना कळला. त्याचा नंबर मुलानेच काढून टाकला.

मग पुण्यातल्या एका जाणकाराला आणि हैदराबादच्या एका परवानाधारक व्यापाऱ्याला फोटो गेले. वरून, खालून, आतून, अक्षरांचे जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजनही कळवले. चीर आणि नवी साखळी लपवली नाही. दोघांना एकमेकांचा आकडा सांगितला नाही. एकाने पंधरा हजार म्हटले, दुसऱ्याने वीस. दोघांनीही एकच ताकीद दिली. याला तेल लावू नका, पॉलिश करू नका, चिंचेने-पितांबरीने घासू नका. वर्षांनी चढलेली झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

ज्यांच्या घरी अशी ओळख न पटणारी वस्तू निघेल, त्यांना एवढा धडा पुरेसा आहे. आधी वस्तू कशाची आहे ते ओळखायचे, मग ती काय आहे ते, मग कधीची, आणि सगळ्यांत शेवटी कितीची. आपल्या घरांत बहुतेकदा हा क्रम उलटा होतो. संग्रहालयातले अधिकारी ओळखायला मदत करतात, किंमत सांगणे मात्र बहुधा टाळतात. आणि घ्यायला आलेल्यालाच भाव विचारायचा नसतो.

हिशोब

रमजानात घरोघरी हिशोबाच्या वह्या निघतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी इतक्या मोलाची मालमत्ता वर्षभर जवळ असली तर तिचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यायचा. अंगावरचे कपडे, घरातली भांडी, आठवणीसाठी ठेवलेल्या वस्तू यांत येत नाहीत. कशकोल घरात राहिला तर त्यावर जकात नाही. विकला तर आलेला पैसा हिशोबात येईल.

वारशाचा हिशोब त्याहून कडक आहे. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाच वाटे. दोन-दोन भावांचे, एक बहिणीचा. कुराणाने ठरवून दिलेला हा वाटा. तो भावाने देण्याची मेहरबानी नाही, बहिणीचा हक आहे. आणि तरीही किती घरांत बहिणीकडून तो 'माफ' करून घेतला जातो, हे कसब्यातही ठाऊक आहे आणि पेठेतही. त्यातली सोपी युक्ती म्हणजे निरुपयोगी दिसेल ते बहिणीला द्यायचे आणि वाटणी झाली म्हणायचे. जुन्या वस्तूची किंमत काढणे म्हणजे हावरेपणा, असे आपल्याकडे समजतात. पण जी वस्तू एकट्याची नाही तिची किंमत न काढणे हाच पुष्कळदा हावरेपणा असतो. न मोजता देता येते ते फक्त स्वतःचे. दुसऱ्याचे असते ते मोजावेच लागते.

सत्ताविसाव्या रात्री तिघे भावंडे अब्बांच्या खोलीत बसली. कागदावर ओळ घातली: कशकोल, साडेसतरा हजार. पाच वाट्यांचा एक, साडेतीन हजार, आपांचा. बाकी चौदा हजार दोन्ही भावांचे. आपांनी पर्समधून पाकीट काढले. येतानाच पैसे मोजून आणले होते. "मला हा हवा आहे. पण फुकट नको."

भाईजानांनी पाकीट परत सरकवले. "दिलं म्हणालो होतो. मी शब्द फिरवला, तो रोज्यातच फिरवला. आता मला परत फिरवू दे." धाकट्याने मान हलवली. शब्द दिला होता, पण वस्तू आपांच्या ताब्यात गेली नव्हती. त्यामुळे त्याला कायद्याने हिबा म्हणावे की नाही, यावर इमामसाहेबांनी तासभर सांगितले असते. तो प्रश्न कुणी विचारला नाही. भावांनी आपापला हिस्सा सोडल्याचे कागदावर लिहिले, सह्या केल्या, साक्षीला गुरुजींना बोलावले. शेताचा आणि घराचा पाचवा वाटाही त्याच बैठकीत आपांच्या नावे लिहिला गेला. हा वाटा 'पुढे बघू' म्हणून तीन महिने तसाच पडून होता.

ईदच्या पहाटे सहरीला हाक देणारा म्हातारा फकीर नेहमीप्रमाणे दारात आला. त्याच्या हातात प्लास्टिकची बादली होती. आपांनी दाराच्या आतल्या खुंटीवरून कशकोल काढला. तीन दिवसांत त्यात नोटा आणि नाणी बरीच जमली होती. शेवटची नोट कुणी टाकली हे कुणी पाहिले नव्हते. त्यांनी तो तसाच बादलीत रिकामा केला. म्हाताऱ्याने काळ्या कटोऱ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "बेटी, हा आमच्याकडचा आहे."

"हो बाबा," आपा म्हणाल्या, "तुमच्याकडचाच."